बँकॉकला दोघं पहिल्यांदाच निघालात? आधी उन्हाचं वेळापत्रक लावा

एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारचे साडेबारा. ग्रँड पॅलेसच्या लांबलचक पांढऱ्या भिंतीला पाठ टेकून आम्ही दोघं उभे होतो, कारण रस्त्यावर सावली तेवढीच होती, वीतभर. नवऱ्याला अजून दोन देवळं बघायची होती, मला एसी असलेलं कुठलंही दुकान चाललं असतं. तिथे झालेलं भांडण बँकॉकवरून नव्हतं, उन्हावरून होतं, हे आम्हाला हॉटेलवर जाऊन आंघोळ केल्यावर कळलं. पुढे डिसेंबरात परत गेलो तेव्हा बघायच्या जागा बहुतेक त्याच होत्या, फक्त क्रम बदलला होता. सकाळ देवळांची, दुपार दुकानांची, संध्याकाळ नदीची आणि खाण्याची. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी तोच क्रम इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

निघण्याआधी

जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. मार्च-एप्रिल म्हणजे भाजणं आणि मे ते ऑक्टोबर पाऊस, तोही आपल्या कोकणासारखा दिवसभर नाही, बहुधा तास-दोन तास धो धो. एप्रिलमध्येच जायचं असेल तर १३ ते १५ हे दिवस साधा. तेव्हा सोंगक्रान असतो, म्हणजे आपलाच ‘संक्रांत’ हा शब्द, आणि अख्खं शहर एकमेकांवर पाणी उडवत असतं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवावा लागतो.

भारतीय पासपोर्टवर जुलै २०२४ पासून साठ दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश सुरू झाला. पण हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या वेबसाइटवर स्वतः बघा, शेजाऱ्याच्या भाच्याला विचारू नका. मे २०२५ पासून आणखी एक गोष्ट आली आहे, डिजिटल अरायव्हल कार्ड. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते सरकारी वेबसाइटवर भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की समजायचं, आपण चुकीच्या दारात उभे आहोत. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून पर्समध्ये ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेत नेमकी फोनची बॅटरी संपते. ई-सिगारेट मात्र घरीच ठेवा, थायलंडमध्ये त्यावर बंदी आहे.

बॅगेत सुती कपडे, पण दोघांचेही एकेक जोड खांदे आणि गुडघे झाकणारे. शिवाय एक पातळ स्टोल. उन्हासाठी नाही, मॉलमधल्या थंडीसाठी. बाहेर छत्तीस आणि आत वीस, असं दिवसातून दहा वेळा केलं की सर्दी ठरलेली. बूट काढायला-घालायला सोपे हवेत, कारण प्रत्येक देवळाच्या दारात ते काढायचेच असतात.

उतरल्यावर

मुंबईहून जाणारी बरीच विमानं रात्री निघून पहाटे पोहोचतात. घड्याळ दीड तास पुढे करा. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि अशी ओळखीची नावं आता पावलोपावली भेटणार आहेत. दुसरा विमानतळ डॉन म्युआंग. स्वस्त तिकीट काढलं असेल तर आपण कुठल्या विमानतळावर उतरणार ते आधी तपासा, दोन्ही शहराच्या दोन टोकांना आहेत.

सामान घेतल्यावर समोरच्याच काउंटरवर पैसे बदलायची घाई करू नका. सरकत्या जिन्याने तळघरात, रेल्वे स्टेशनच्या पातळीवर जा. तिथल्या मनी चेंजरचा भाव वरच्यापेक्षा बरा असतो. बाथ साधारण अडीच ते तीन रुपयांच्या आसपास धरून हिशेब करा. एटीएममधून काढायचे तर दर वेळी दोनशेच्या वर बाथ शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे काढू नका, आणि मशीनने ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारलं की नाही म्हणा. यूपीआयच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. बाजारात रोख चालते आणि हजाराची नोट बघून फेरीवाल्याचा चेहरा आपल्या रिक्षावाल्यासारखाच होतो. नोटेवर राजाचा फोटो असतो. ती चुरगाळायची नाही, वाऱ्याने उडाली तर पाय ठेवून अडवायची नाही. राजघराण्याबद्दल चेष्टा तर मराठीतसुद्धा नको.

त्याच तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. पया थाई या शेवटच्या स्टेशनपर्यंत अर्धा तास, ४५ बाथ. सामान जास्त असेल तर टॅक्सी किंवा ग्रॅब, म्हणजे तिथलं ओला-उबरसारखं अ‍ॅप. हॉटेल निवडताना एकच निकष लावा, स्कायट्रेनचं किंवा मेट्रोचं स्टेशन पाच मिनिटांच्या चालीवर हवं. दुपारी दोन वाजता पंधरा मिनिटं चालायचं म्हणजे काय, हे बुकिंग करताना आपल्या गार खोलीत बसून कळत नाही.

पहिल्या दिवशी काहीही बघू नका. खोली दुपारी मिळते, म्हणून सामान ठेवून जवळच्या सेव्हन-इलेव्हन या छोट्या दुकानात जा. दर शे-दोनशे पावलांवर एक असतं. थंड पाणी घ्या, पाच मिनिटं एसीत उभे राहा, कोणी हटकत नाही. संध्याकाळी लुम्फिनी बागेत चक्कर मारा. तिथल्या तळ्यातून घोरपडीच्या जातीचे माणसाएवढे लांब प्राणी सावकाश बाहेर येतात आणि जॉगिंग करणाऱ्यांना रस्ता ओलांडताना आडवे जातात. घाबरू नका, खायलाही घालू नका. बरोबर सहा वाजता लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत लागतं आणि पळणारी माणसं जागच्या जागी थांबतात. आपणही थांबायचं.

दुसरा दिवस: राजवाडा, निजलेला बुद्ध आणि नदी

आठ वाजता बाहेर. मेट्रोच्या निळ्या लाइनवर सनाम चाय स्टेशनला उतरा. मेट्रोला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवता येतं, नाहीतर मशीनमधून काळी प्लास्टिकची चकती घ्यायची, कॅरमच्या सोंगटीसारखी दिसते. स्कायट्रेन वेगळी कंपनी आहे, तिचं तिकीट वेगळं. हे दोन्ही एकच समजून पहिल्या दिवशी फाटकाशी झटापट केली नाही असा भारतीय मी पाहिलेला नाही.

ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो आणि तिकिटं दुपारी साडेतीनला बंद होतात. तिकीट ५०० बाथ. महाग वाटेल, पण हे सोडू नका. पहिल्या रामाने १७८२ मध्ये राजधानी इथे आणली तेव्हापासूनचा हा वाडा. इथल्या चक्री घराण्याच्या राजांना राम पहिला, राम दुसरा असं म्हणतात, सध्याचे दहावे. आतल्या मंदिरातला बुद्ध ‘पाचूचा’ म्हणून प्रसिद्ध असला तरी मूर्ती जेडची आहे, उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर, आणि वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे तिचा पोशाख खुद्द राजा बदलतो.

गर्दी तिकडे धावते. तुम्ही मात्र आधी आवाराभोवतीच्या ओवरीत शिरा. सावली आहे, आणि भिंतीवर १७८ चित्रांत अख्खं रामकियन रंगवलेलं आहे, म्हणजे थाई रामायण. हिरव्या तोंडाचा तोसकान म्हणजे दशकंठ, आपला रावण. पांढराशुभ्र वानर तो हनुमान. इथे आपल्या मारुतरायांची ओळख जरा वेगळी निघते. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येला, जी रावणाचीच मुलगी, हा हनुमान पटवतो. तिच्यापासून त्याला मुलगाही होतो. दर शनिवारी तेल वाहणारा माझा नवरा त्या चित्रासमोर बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, ‘दिसायला मात्र छान काढलाय.’

इथून वाट फो (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) दहा मिनिटं चालत. ही दहा मिनिटं धोक्याची. आमच्या पहिल्या खेपेला याच रस्त्यावर नीटनेटका शर्ट घातलेला एक गृहस्थ भेटला. म्हणाला, आज बौद्ध सण आहे, मंदिर दोनपर्यंत बंद, तोवर माझा मित्र तुम्हाला टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, तीन देवळं दाखवेल, फक्त २० बाथ. आम्ही बसलो. एक देऊळ झालं आणि दुसरं ‘देऊळ’ शिंप्याचं दुकान निघालं. नवऱ्याने भिडेखातर दोन शर्ट शिवायला टाकले. त्यातल्या एकाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. तो शर्ट घरात अजून आहे, टाकून देऊ देत नाही. तर ध्यानात ठेवा, देऊळ बंद आहे की नाही हे फक्त देवळाच्या दारात कळतं. शिंप्याच्या जागी रत्नांचं दुकान निघालं तर नुकसान बाहीपेक्षा मोठं होतं. काही वाकडं झालंच तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

वाट फोमधला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. मंडप त्याच्याभोवती घट्ट बसवलेला, त्यामुळे पूर्ण मूर्ती एका नजरेत मावतच नाही, चालत चालत तुकड्या-तुकड्यांनी बघावी लागते, आणि शेवटी तळपाय येतात, शिंपल्याच्या कामातली १०८ शुभचिन्हं कोरलेले. परतताना मागच्या बाजूला १०८ काशाची भांडी ओळीने मांडलेली दिसतील. थोडे बाथ देऊन सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्या आणि एकेक नाणं टाकत चला. टण्, टण्, टण्. सगळा मंडप त्या आवाजाने भरलेला असतो. दोघांनी दोन वाट्या घ्या, नाहीतर शेवटी नाणी कमी पडून कोणी किती टाकली यावर चर्चा होते.

आता साडेअकरा वाजले असतील. थांबा. याच आवारात मसाजची जुनी शाळा आहे, तासभर तिथे घालवा. थाई मसाज कपड्यांसकट, तेलाशिवाय असतो आणि दाबतात ते मनापासून. हळू हवा असेल तर ‘बाव बाव’ म्हणायचं.

ऊन उतरलं की था तियनच्या धक्क्यावरून पाच बाथच्या होडीने पलीकडे वाट अरुणला जा. अरुण म्हणजे अरुणच. दुरून दगडी वाटणारा कळस जवळ गेल्यावर चिनी मातीच्या बशांचे तुकडे लावून केलेली फुलं निघतो. मग परत अलीकडे या, कारण वाट अरुण दिसतो तो या काठावरून, मावळत्या उन्हात. त्यासाठी छतावरच्या महागड्या टेबलाची गरज नाही. नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट पकडून साथॉर्नपर्यंत जा, भाडं १६ बाथ. बोटीत कंडक्टरबाई पत्र्याची लांब नळी खुळखुळवत येतात, त्यातच तिकिटं आणि त्यातच चिल्लर. लाल डब्याच्या कंडक्टरचा चिमटा आठवतो. निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट बरीच महाग आहे. नदी तीच.

तिसरा दिवस: खरेदी

हा दिवस शनिवार किंवा रविवार येईल असं बघा, कारण चतुचक बाजार खरा भरतो तो त्याच दिवशी. निळ्या मेट्रोने कॅम्फेंग फेटला उतरा, दोन नंबरच्या दारातून थेट बाजारात. पंधरा हजारांवर दुकानं, वर पत्रा. म्हणून नऊ-साडेनऊला आत आणि बाराला बाहेर. मधला घड्याळाचा मनोरा लक्षात ठेवा, चुकामूक झाली तर तिथे भेटायचं, हे आधीच ठरवा. आवडलेल्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. ‘परत येताना घेऊ’ म्हटलेलं दुकान पुन्हा सापडत नाही.

घासाघीस करा, पण तुळशीबागेतल्यासारखी निम्म्यावरून सुरुवात नको. इथे हसून, कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवत, वीस-पंचवीस टक्के कमी करून घ्यायचं. तीन नग घेतले की भाव आपोआप उतरतो. आवाज चढवला की समोरचा माणूस हसतच विषय बंद करतो. बुद्धाच्या मूर्ती घेण्याच्या भानगडीत पडू नका. देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, आणि दिवाणखान्यात शोभेला बुद्ध ठेवणं तिथल्या लोकांना रुचत नाही.

कपड्यांसाठी प्रतुनाम. होलसेल पेठ आहे, घालून बघू देतीलच असं नाही, आणि माप आपल्यापेक्षा लहान. तिथलं एक्सएल मला बसलं नाही तेव्हा दुकानातली मुलगी इतक्या प्रेमाने ‘बिग साइज हॅव’ म्हणाली की रागावताही येईना. घरी वाटायच्या बारीकसारीक वस्तू, चिमटे, पिशव्या, पाकिटं, साम्पेंगच्या बोळात डझनाने घ्या. दुपारच्या कडक उन्हासाठी सियाम भागातले मॉल आहेतच. मोठी खरेदी तिथे होणार असेल तर पासपोर्ट जवळ ठेवा. एका दुकानात एका दिवशी २००० बाथच्या वर बिल झालं आणि दुकानावर कर परताव्याची पाटी असली की तिथेच फॉर्म मागून घ्यायचा. नंतर मिळत नाही.

आणि कृपा करून एकत्र खरेदी करू नका. ज्याला कंटाळा येतो त्याला फूड कोर्टात बसवा, तासाभराने भेटा. आमच्या दुसऱ्या ट्रिपचं निम्मं यश यात आहे.

खाणं, हेच खरं अवघड प्रकरण

माझं माहेर मालवणचं, त्यामुळे मला बँकॉकमध्ये उपाशी राहायची भीती नाही. मिठाच्या जाड थरात कोळशावर भाजलेला अख्खा मासा, पोटात गवती चहाची जुडी, बरोबर हिरव्या मिरचीची आंबट चटणी. साल सोलली की आत पांढरं वाफाळतं मांस. यावर मी दोन रात्री काढल्या. नवरा मात्र पूर्ण शाकाहारी. पहिल्याच दिवशी त्याने कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली, सोम तम. बाईंनी आमच्यासमोर लाकडी उखळात मिरची, लसूण, शेंगदाणे, चवळीच्या शेंगा कुटल्या, तो खूश. मग डाव्या हाताने एका डब्यातून मूठभर गुलाबी काहीतरी टाकलं. मी ओळखलं. सोडे! वरून बाटलीतून माशाचं पाणीही गेलं. तिच्या दृष्टीने त्यात मांस नव्हतंच.

म्हणून ‘नो मीट’ पुरेसं नाही. ‘मांगसाविरात’ हा थाई शब्द आहे, नीट ऐका, मांस-विरती. पण त्यातही अंडं असू शकतं. जास्त खात्रीचा शब्द ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. जे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, वर कांदा-लसूणही नाही, म्हणजे जैन मंडळींचीही बरीच सोय, कंदमुळं तेवढी विचारून घ्यायची. ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस जे खाण्याचा उत्सव असतो, साधारण आपल्या नवरात्राच्या आसपास. तेव्हा याओवारात म्हणजे चायनाटाउन पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं. आणखी तीन वाक्यं पाठ करा. ‘माय’ म्हणजे नको. ‘माय साय नाम प्ला’, माशाचं पाणी घालू नका. ‘माय साय खाय’, अंडं घालू नका. ‘माय फेत’, तिखट नको. कोल्हापूरकरांनीही पहिल्या दिवशी हे शेवटचं वाक्य वापरून बघावं. मागे पुरुषाने ‘ख्रब’ आणि बाईने ‘खा’ जोडलं की बोलणं अदबीचं होतं.

अगदी पोळी-भाजीची आठवण आली तर पाहुरातला जा, सॅम योट मेट्रोजवळ. शीख व्यापाऱ्यांची जुनी कापडपेठ आहे, मोठा गुरुद्वारा आहे, आजूबाजूला पंजाबी खाणावळी. पण दोघांची आवड वेगळी असेल तर मॉलमधलं फूड कोर्ट उत्तम. असोक स्टेशनवरच्या टर्मिनल २१ मधलं मला सगळ्यांत आवडतं. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, तू तिकडे, मी इकडे, उरलेले पैसे त्याच दिवशी परत घ्यायचे. किमती जवळजवळ रस्त्यावरच्याच.

एक संध्याकाळ याओवारातसाठी राखा. पाच वाजायच्या आत वाट त्रायमितमधला साडेपाच टनांचा सोन्याचा बुद्ध बघून घ्या. त्याच्यावर गिलावा होता, त्यामुळे तो सोन्याचा आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. १९५५ मध्ये हलवताना गिलावा फुटला तेव्हा कळलं. तिथून चालत पेठेत. दुकानांचे शटर पडतात आणि फुटपाथवर शेगड्या पेटतात. एकाच ठिकाणी पोटभर जेवू नका, दोघांत एक प्लेट, मग पुढे.

गोडात आंबा-चिकट भात. मार्च ते मे आंब्याचा मोसम, पिवळा लांबट नाम दोक माय. नारळाच्या दुधात मुरलेला कोमट भात, वर चिमूटभर मीठ आणि कुरकुरीत मुगाची डाळ. हापूसची बरोबरी नाही, हे आधीच मान्य. पण भाताबरोबर हापूस खाऊन बघितला, घरी आल्यावर, आणि तो जमला नाही. त्याचा वास भाताला जागाच ठेवत नाही. ड्युरियन फणसासारखा दिसतो म्हणून कौतुकाने हॉटेलवर नेऊ नका, बहुतेक हॉटेलांत बंदी असते.

निघताना

विमानतळावर साडेतीन तास आधी. कर परताव्याचे फॉर्म असतील तर सामान चेक-इन करण्याआधी कस्टमच्या काउंटरवर विचारा. वस्तू बघायला मागितल्या आणि बॅग पुढे गेली असेल तर फॉर्म वाया. वरच्या मजल्यावर खाणं महाग आहे. तळमजल्याच्या एका टोकाला कर्मचाऱ्यांचं कूपनचं फूड कोर्ट आहे, उरलेली नाणी तिथे संपवा.

विमानतळावरच समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. वासुकीच्या एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये विष्णू. शेपटीकडच्या देवांच्या बाजूला फोटोसाठी कायम रांग असते. असुरांकडे कोणी नसतं, तिकडून काढा.